ओढ्याच्या खाली कोण राहतं

आबा, तुमची लेक आता गावाचं पाणी तपासते. हे ऐकून तुम्ही हसला असता की "आधी हात धुतलेस का?" असं विचारलं असतं, ते मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक हातांचंच विचारलं असतं. तुम्ही गेलात त्याला वीसएक वर्षं होत आली. तेव्हा माझी पोरं लहान होती. आता थोरला नोकरीला पुण्यात आहे आणि धाकटी सांगलीत शिकते. कुंडलच्या पलीकडचं हे आमचं गाव तुम्ही पाहिलंत तसं राहिलेलं नाही. ओढ्यावर पूल झाला, घरोघर नळ आले, कौलं जाऊन स्लॅब पडले. पण पाणी अजून त्याच विहिरीचं. ओढ्याकाठच्या त्या विहिरीचं, जी बघितल्याशिवाय तुम्ही माझ्या सासरचा चहा घेतला नव्हता.

तो दिवस मला स्वच्छ दिसतो. खरं तर मी तिथं नव्हते, पण सासूबाईंनी तो इतक्यांदा सांगितला की आता मीच सोप्यात उभी राहून बघितल्यासारखा झालाय. तुम्ही आणि मामा घर बघायला आलेले. सगळ्यांना वाटलं, पाहुणे ऊस बघतील, रान किती ते विचारतील, पोराचं शिक्षण विचारतील. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि विचारलंत, "पानी कुठलं पिता?" सासरे गोंधळले. "गावच्या विहिरीचं की," म्हणाले. "बगू या मग," म्हणून तुम्ही उठलातसुद्धा. कपात ओतलेला चहा तसाच राहिला. विहिरीच्या कठड्यावरून वाकून आत बघितलंत, पाणी शेंदलंत, ओंजळीत घेऊन वास घेतलात, भोवतीनं सावकाश एक फेरी मारलीत. मग एक घोट पिऊन म्हणालात, "ठीक हाय." तुमच्या तोंडून याहून मोठं कौतुक आम्ही घरातल्यांनी कधी ऐकलं नव्हतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक. पण लग्न ठरलं. "आमच्या घरानं न्हाई, विहिरीनं सून आनली," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. अजून सांगतात.

आणि आहेर! लोकांनी कपाटं दिली, पिंपं दिली, तुम्ही दिलात स्टीलचा फिल्टर, आत पांढऱ्या कँडल असलेला. मांडवात कुणीतरी म्हणालं, "बापानं पोरीसंगं डाक्टरच धाडलाय की," आणि सगळा मांडव हसला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं होतं. पुढं तुम्ही कधीही आलात की पिशवी ठेवायच्या आधी त्या कँडल काढायचात, अंगणात उकिडवे बसून नारळाच्या शेंडीनं घासायचात आणि उन्हात ठेवायचात. सासरचे बघत असायचे. व्याही येतो आणि भांडी घासतो, हे त्यांना कसंसंच वाटायचं. मला लाज वाटायची आणि तुम्ही निघून गेलात की दोन दिवस पाणी गोड लागायचं. दोन्ही खरं.

तुम्ही असे का होतात, हे मला तुकड्यातुकड्यानं कळलं. तुम्ही फौजेत, इंजिनियर पलटणीत. डोंगरात कुठंतरी नाल्याचं पाणी पंपानं उचलायचं, ताडपत्रीच्या टाकीत घ्यायचं, औषध टाकून जवानांना द्यायचं, हे तुमचं काम. बंदुकीच्या गोष्टी तुम्ही कधी सांगितल्या नाहीत. एकच गोष्ट सांगितलीत, तीही अर्धी. वरच्या अंगाला कुणीतरी खेचरं बांधली आणि खालची अख्खी तुकडी आजारी पडली. "कोन दगावलं का?" असं आईनं विचारल्यावर तुम्ही उठून बाहेर गेलात. उंब्रजच्या आपल्या घरामागून हायवेची वाहनं जात होती आणि त्या आवाजात तुम्ही बराच वेळ पाठमोरे उभे होता. सुट्टीवर आलात की आपलं स्वयंपाकघर म्हणजे छावणी. तांब्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं, झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवून पाणी घेतलं की तुमचा आवाज माजघरातून यायचा, बघितलेलं नसतानाही. आई म्हणायची, "ह्यांच्या पाठीला डोळं हायती." मला वाटतं कान होते. बोटं पाण्यात बुडल्याचा आवाज तुम्हाला वेगळा कळायचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तारळी नदीतला उन्हाळा. नळाला पाणी नव्हतं. बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरत होत्या. आईनं धाकट्या भावाची दुपटी धुवायला मला नदीवर पाठवलं होतं. ऊन लागत होतं म्हणून मी झिऱ्यांच्या वरच्या अंगाला, एका डबक्यापाशी, करंजाच्या सावलीत बसले आणि दुपटी खळबळायला लागले. तुम्ही सायकल ढकलत काठानं येत होता. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही सायकल आडवी टाकलीत, माझ्याशेजारी वाळूत बसलात आणि विचारलंत, "हितनं खाली कोन ऱ्हातं गं?"

मी म्हटलं, "कुनी न्हाई."

तुम्ही झिऱ्यांकडं बोट केलंत. तिथं बायका वाकलेल्या. "त्या?"

मी हातातलं दुपटं पाण्याबाहेर काढलं.

"आनि त्यांच्या खाली?"

"कऱ्हाड," मी म्हटलं.

"त्याच्या खाली?"

मला पुढचं येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुला ठावं न्हाई म्हून तिथं कोन ऱ्हात न्हाई असं नसतंय, पोरी. पान्याच्या खाली कोनतरी ऱ्हातंयच." मग माझ्या हातातली दुपटी घेतलीत, बादलीत पाणी घेऊन लांब काठावर गेलात आणि स्वतः धुतलीत. मिशीवाला फौजी दुपटी धुतोय म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मार बसला असता तर मी विसरले असते.

आणि आबा, मी खालीच आले. उंब्रजला तारळीला घेऊन निघालेली कृष्णा कऱ्हाडात कोयनेला भेटते आणि आमच्या पलूस तालुक्याच्या कडेनं सांगलीकडं जाते. आमचा ओढा पुढं तिलाच मिळतो. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीतून नदी ओलांडली तेव्हा मला एकदम वाटलं, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मीच आहे.

तर पाणी तपासायचं कसं सुरू झालं ते सांगते. ग्रामपंचायतीला वरून एक पेटी आली. निळी, हातात धरायची, आत औषधांच्या बारक्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंग जुळवून बघायचा तक्ता. गावातल्या काही बायकांनी शिकून घ्यायचं, दर महिन्याला विहीर, टाकी, नळ, शाळेचा हातपंप तपासायचा, असं ठरलं. अंगणवाडीच्या ताई होत्या, आशाताई होत्या. मी बारावी सायन्स म्हणून मला घेतलं. आणि शेजारच्या जैन घरातल्या अव्वा आपणहून आल्या. अव्वांचं वय सत्तरीच्या पुढं. जन्मभर त्यांनी पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय वापरलेलं नाही, आणि फडक्यावर राहिलेलं परत विहिरीतच सोडायचं, कारण त्यातले जीव विहिरीचे. सरपंचबाई हसून म्हणाल्या, "अव्वा, तुमाला ह्यात काय कळणार?" अव्वा म्हणाल्या, "आमी गाळतो ते पान्यातल्या जिवासाठी. ही पेटी मानसाच्या जिवासाठी. मला दोनी पायजेत." मग त्यांना कोण नाही म्हणणार.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं. तिथल्या मॅडम माझ्या धाकटीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे टाकीत टाकलेली टीसीएलची पावडर नळापर्यंत पोचली. दुसरी एक बाटली असते, तिच्यात पाणी भरून झाकण लावून दिवसभर उबेत ठेवायची. काळी पडली की समजायचं, पाण्यात मैला किंवा शेण मिसळतंय. आबा, इतकं सोपं आहे हे. तुम्ही वासानं, जिभेनं, उन्हाकडं धरून जे शोधायचात ते आता बोटाएवढ्या बाटलीत दिसतं. परत येताना एसटीत मला तुमची फार आठवण आली. तुमच्या हातात ती पेटी दिली असती तर तुम्ही तालुक्यातलं एकही घर सोडलं नसतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला ओढ्याकडच्या आळीत पोरं आजारी पडायला लागली. जुलाब, उलट्या, सलाईन. एका लहानग्या मुलीला सांगलीला न्यावं लागलं. ती वाचली, पण तिच्या आईचा चेहरा मी बघितला आहे. आरोग्य खात्यानं ग्रामपंचायतीला लाल कार्ड दिलं, म्हणजे तुमचं पाणी धोक्याचं आहे असा शिक्का. नळाच्या पाण्याला पिवळा रंग येत नव्हता. गावानं लगेच ठरवलं की पाणीवाला पावडर टाकत नाही. पाणीवाला म्हणजे मोटार चालू करून टाकी भरणारा, टीसीएलची पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा माणूस. गरीब, थोडा बावळट, बाजारात गप्पा मारणारा. दोष द्यायला सोयीचा. येत्या ग्रामसभेत त्याला काढून टाकायचं ठरलं.

तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, लेकराची आन घिऊन सांगतो, पावडर टाकतोय. मानसं माझं ऐकंनात. तुमची पेटी तरी माझ्या बाजूनं बोलंल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अव्वा टाकीवर गेलो. त्यानं आमच्यासमोर पावडर कालवून टाकली. टाकीखालच्या तोटीला पाणी घेतलं, थेंब टाकले, झकास पिवळं. गावात पाणी सुटल्यावर ओढ्याकडच्या नळाला बघितलं तर जवळजवळ पांढरं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "पावडर पडतीय काकू, पण पाण्यात इतकी घाण आहे की ती पावडरच खाऊन टाकतीय. विहिरीत काहीतरी मिसळतंय. ओढ्यानं वर वर चालत जा आणि ठिकठिकाणचं पाणी घ्या."

आम्ही चालत गेलो. अव्वा काठी टेकत, मी पिशवी घेऊन. विहिरीचं पाणी घेतलं. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, शिवारातल्या एका जुन्या विहिरीचं घेतलं. बाटल्या माझ्या घरी देवळीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या विहिरीची बाटली होती तशीच होती. गावच्या विहिरीची कोळशासारखी काळी. अव्वांनी दोन्ही बघितल्या आणि माझ्याकडं बघितलं. वरच्या विहिरीपासून गावच्या विहिरीपर्यंत ओढ्याकाठी मोठं असं एकच काही होतं. आमचा गोठा.

आबा, तुमच्या जावयानं तो गोठा फार हौसेनं उभा केला. गाई, म्हशी, दूध काढायचं मशीन, पंखे. पहाटे उठून ते आधी गोठ्यात जातात, मग देवाला. शेणामुताचा खड्डा त्यांनी ओढ्याच्या कडेला काढला होता, ट्रॅक्टर लावायला बरं म्हणून. खड्ड्याला ना सिमेंट, ना अस्तर. पावसात तो तुडुंब भरायचा आणि मुरुमातून सगळं खाली झिरपायचं. हे आम्हाला रोज दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी सांगितलं. "आवं, आपला खड्डा विहिरीत झिरपतोय."

"कोन म्हनलं?"

"बाटली काळी झाली."

"बाटलीवर काय नाव येतंय व्हय, ह्ये आमक्याच्या म्हशीचं म्हून?" ते हसले, पण घास हातातच राहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "दिवाळी हू दे. गुपचूप भरून घेतो खड्डा. तू गावात तोंड उघडू नगंस."

"आनि पानीवाला? त्याला काढत्यात ह्या सभेत."

"त्याला आपल्याकडं कामाला ठिवू. उपाशी न्हाई मरत त्यो."

"त्याचं नाव गेलं त्ये?"

त्यांनी ताट सरकवलं. "म्हंजे माझं नाव गेलं तर चालंल? सगळ्या गावाम्होरं नवऱ्याला उभं करनार व्हय तू?"

गावात राहायचं, दूध घालायचं, उद्या लेकीचं लग्न करायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कोपऱ्यात भाकरी कुस्करत बसलेल्या सासूबाई बोलल्या. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकलं होतं. लेकाकडं न बघताच म्हणाल्या, "हिच्या बापानं हिरीचं पानी बगून ह्या घरात पोरगी दिली. घर बगून न्हाई दिली."

ते उठून गोठ्याकडं गेले. आबा, तुमच्याबद्दल या घरात इतक्या मानानं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. विहिरीची ती गोष्ट चेष्टेची आहे असंच मी समजत होते.

ग्रामसभेला माणसं भरपूर आली, कारण कुणाला तरी काढायचं होतं. पाणीवाला खांबाला टेकून उभा. सरपंचबाईंनी विषय काढला, लगेच चारपाच जण बोलायला लागले. मी उभी राहिले तेव्हा अव्वांनी खालून माझ्या साडीचा काठ धरून ठेवला. मी म्हटलं, "पावडर पडतीया. मी डोळ्यानं बगितलीया. घान विहिरीत येतीया, आनि ती आमच्या गोठ्याच्या खड्ड्यातनं येतीया."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "घरचीच फितूर झाली गड्या." काही जण हसले. मी खाली बघत होते. आणि मग दाराकडून आवाज आला, "फितूर न्हाई. खरं हाय त्ये. खड्डा माझा हाय."

ते आलेले मला माहीतच नव्हतं. चप्पल काढून आत आले, सगळ्यांपुढं उभे राहिले. चेहरा रागानं लाल. कुणावरचा राग ते कळत नव्हतं. म्हणाले, "मी खड्डा बुजवतो. उद्याच कामाला लागतो. पानीवाल्याचं काय चुकलं न्हाई. पर मी एक इच्यारतो. वड्यात माझंच एकट्याचं जातंय का? कुनाच्या संडासाचा पाईप कुठं सुटलाय, औषध मारायचं पंप कोन कुठं धुतंय, मेलेल्या कोंबड्या कोन टाकतंय, समद्यास्नी ठावं हाय. चला की एकदा वड्यानं. समदी मिळून चालू."

त्यात चूक कबूल करणं अर्धं होतं आणि दुसऱ्यांना खेचणं अर्धं, हे मला कळत होतं. पण आबा, गाव खरंच चाललं. त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी, वरच्या शिवारापासून पुलापर्यंत. पुढं सरपंचबाई, मध्ये शाळेची पोरं, शेवटी अव्वा. जिथं पाईप दिसला तिथं थांबायचं, कुणाचा म्हणून विचारायचं. सुरुवातीला माणसं लाजली, भांडली. मग एकजण आपणहून म्हणाला, "ह्यो माझा," आणि पुढं सोपं झालं. द्राक्षाच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांनीच पोती भरली. त्या दिवशी मला कळलं की आमच्या ओढ्याला गावातल्या जवळपास प्रत्येक घरानं काहीतरी दिलेलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं तेवढंसं काय.

पुढचं काम सावकाश झालं, मध्ये कंटाळाही आला. ग्रामपंचायतीनं विहिरीचा कठडा उंच केला, भोवती फरशी घातली, वरून जाळी टाकली. संडासांना शोषखड्डे झाले. फवारणीचे पंप धुवायला ओढ्यापासून लांब एक हौद बांधला. गावाचं सांडपाणी ओढ्याला मिळतं तिथं शाळेच्या पोरांनी कर्दळ आणि लव्हाळं लावलं, त्यातून गाळून पाणी पुढं जातं. प्रयोगशाळेच्या मॅडम येऊन बघून गेल्या. आणि आमच्या गोठ्यामागं गोबरगॅसची टाकी झाली, पक्की, थेंब न झिरपणारी. सासूबाईंना सुरुवातीला त्या गॅसवरचा चहा चालेना. आता गॅस लागला नाही तर त्याच पहिल्यांदा ओरडतात. पाणीवाला आता आमच्याबरोबर नमुने घ्यायला येतो, आणि मला कधी उशीर झाला तर दारात येऊन हाक मारतो.

घरात मात्र बरेच दिवस अबोला होता. ते जेवायचे, ताट उचलायचे, जायचे. मी समजून घेत होते, पण जड जात होतं. मग एका सकाळी मी अंगणातून आत येते तर ते देवळीपाशी उभे. महिन्याची बाटली हातात घेऊन खिडकीकडं धरलेली. मला बघून खाली ठेवली. "काळी कवा हुती ही?" म्हणाले, जसं काही सहज विचारलं. मी म्हटलं, "व्हायची आसंल तर सांजपातूर हुती." दुपारी ते एकदा पाणी प्यायला आत आले. परत एकदा आले. त्या दिवशी ती थोडी काळी झालीच. दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन जुन्या खड्ड्याची उरलेली घाण काढायला गेले. तेव्हापासून दर महिन्याला बाटलीवर माझ्याआधी त्यांची नजर असते.

यंदाचा पाऊस लांबला, खूप पडला. ओढा दोनदा पुलाला टेकला. मला धास्ती होती. पाऊस ओसरल्यावर आम्ही विहिरीचं पाणी घेतलं, देवळीत ठेवलं. दिवस गेला. दुसरा दिवस उजाडला. बाटली होती तशीच होती. मी अव्वांना हाक मारली, पाणीवाल्याला बोलावलं, सासूबाईंनी चष्मा मागितला. ते गोठ्यातून धावत आले, हात न धुता. मी म्हटलं, "आधी हात धुवा." आणि म्हणताना मला माझाच आवाज ओळखू आला नाही. त्यांनी हात धुतले, बाटली उजेडाकडं धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. ओढ्याकडच्या आळीत या वर्षी कुणाला सलाईन लागलं नाही. सांगलीला नेलेली ती मुलगी आता शाळेत जाते आणि हातपंपावर दप्तर ठेवून खेळते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड लावलं आहे. उद्या काय होईल सांगता येत नाही. पाणी एकदा चांगलं झालं की कायमचं चांगलं, असं नसतं, हे आता गावाला कळलं आहे. पण खालच्या गावातल्या बायका आमची पेटी बघायला आल्या होत्या. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांच्या ओढ्यानं चालणार आहोत.

आबा, हे तुम्हाला पोचवायची काही सोय नाही. आणि असती तर मी बहुतेक लिहिलंही नसतं. तुमच्यासमोर मी इतकं कधी बोलले नव्हते, तुम्हाला जास्त बोललेलं आवडायचं नाही. धाकटी सुट्टीला आली आहे, पलीकडं सासूबाईंशी गप्पा मारते आहे, तिलाही मी काय लिहिते ते सांगितलेलं नाही.

एक मात्र कबूल करते, गावात कुणाला सांगितलेलं नाही. पाणी चांगलं आहे, नळाला तोंड लावून प्या, असं मी स्वतः चावडीवर उभं राहून सांगितलं. गाव पितंय. ते पितात, सासूबाई पितात. मी अजून उकळून पिते.